पंधराचं कोडं: पिसताना झालेली चूक

नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणाऱ्यांसाठी हे लिहितोय. भाषा कुठली, इंजिन कुठलं हे तुम्ही ठरवलंच असेल. टाइल सरकवणं, टायमर, आवाज हेही जमेल. मी अडकलो ते टाइल्स पिसण्यात.

माझं पहिलं अ‍ॅप म्हणजे पंधराचं कोडं. चार बाय चारची चौकट, १ ते १५ आकड्यांच्या टाइल्स, एक घर रिकामं. शेजारची टाइल रिकाम्या घरात सरकवत सगळे आकडे ओळीने लावायचे. पत्ते पिसावेत तशा फिशर-येट्स पद्धतीने मी त्या पिसल्या. पत्त्यांसाठी ती पद्धत उत्तमच आहे, पण या कोड्यात तिने तयार होणारे निम्मे डाव कितीही वेळ दिला तरी सुटत नाहीत.

हे मला तीन महिने कळलं नाही, कारण डाव अडला की मी 'नवा डाव' दाबायचो. आईने ते बटण दाबलं नाही. एकच डाव घेऊन ती दोन संध्याकाळी बसली. सगळे आकडे जागेवर आले, फक्त १४ आणि १५ उलटे राहिले. "मला नाही रे जमत, डोकं चालत नाही आता," म्हणत तिने फोन परत दिला. मीही तिला सराव कर म्हणालो. ते आठवलं की आजही अपराधी वाटतं.

सरकवून १४-१५ ची अदलाबदल होऊच शकत नाही, हे जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी १८७९ मध्येच दाखवून दिलं होतं. कारण सावकाश वाचा. रिकामं घर वगळून आकडे वरपासून ओळीने वाचत जा. मोठा आकडा लहानाच्या आधी आला की ती एक उलट जोडी. टाइल आडवी सरकवली तर हा क्रम बदलत नाही. उभी सरकवली तर ती या क्रमात तीन टाइल्स ओलांडते, म्हणून उलट जोड्यांची संख्या समची विषम होते किंवा विषमची सम. त्याच वेळी रिकामं घरही एक ओळ वर किंवा खाली जातं. म्हणजे उलट जोड्या अधिक रिकाम्या घराची खालून कितवी ओळ, ही बेरीज सम असेल तर समच राहते, विषम असेल तर विषमच. सुटलेल्या डावात उलट जोडी नाही, रिकामं घर खालून पहिल्या ओळीत, बेरीज १. त्यामुळे सुरुवातीलाच बेरीज सम असेल, तर तो डाव मेलेला. आईच्या डावाची बेरीज २ होती.

तीन बाय तीनला हा नियम लावू नका. मी लावला आणि पुन्हा फसलो. तिथे उभी सरकलेली टाइल दोनच टाइल्स ओलांडते, म्हणून ओळ मोजायचीच नाही. उलट जोड्या सम हव्यात, बस्स.

गणिताला घाबरू नका. कागदावर दोन बाय दोनची चौकट काढा. मांडण्या २४, त्यांतल्या १२ पर्यंतच सरकवत पोचता येतं. हाताने करून बघितलं की पटतं. मला तसंच पटलं.

दुरुस्ती सोपी आहे. बेरीज चुकली तर रिकामं घर सोडून कुठल्याही दोन टाइल्सची अदलाबदल करा. सुटलेल्या चौकटीपासून उलट सरकवत पिसा, असंही सुचवतात. मला ते आवडत नाही. चाली कमी पडल्या तर डाव फारच सोपा राहतो. चार बाय चारचे सर्वांत अवघड डाव एकेक टाइल सरकवत ८० चाली मागतात.

पिसणं बरोबर आहे का, हे एका अनुभवी माणसाला मी आधीच विचारलं होतं. कोड न बघताच तो म्हणाला, "रँडम आहे ना, मग झालं." मार्गदर्शक असा शोधा, जो आधी तुमचा डाव खेळून बघेल.

प्ले स्टोअरवर नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. माणसं आतापासून जमवा आणि अडलेल्या प्रत्येक डावाचा स्क्रीनशॉट मागा. 'जमत नाही' एवढ्यावर कुणाला सोडू नका.

त्याआधी दहा हजार डाव तयार करून प्रत्येकाची बेरीज तपासणारी टेस्ट लिहा. तिला १४-१५ उलटा असलेला डावही मुद्दाम द्या. तो तिने नाकारला, तरच बिल्ड पुढे पाठवा.