अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रसंग पाहून प्ले ठरवताना या चुका टाळा

शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर ज्या कोचच्या हातात सगळ्यात जाड फाइल, त्याचीच टीम सगळ्यात गोंधळलेली असते. ऐंशी प्ले, म्हणजे आधी आखलेल्या चाली, लॅमिनेट करून आणलेल्या. सातवी-आठवीतल्या पोरांच्या डोक्यात त्यातले बारा राहतात. फोर्टीनाइनर्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक टीमचे कोच असताना बिल वॉल्श सुरुवातीचे प्ले आधीच क्रमाने लिहून ठेवत, ही गोष्ट नवीन कोचमंडळी हौसेने उचलतात. पण वॉल्श तेवढ्यावर थांबत नसत. थर्ड डाऊनला (दहा यार्ड पुढे जायला चार डाऊन, म्हणजे चार प्रयत्न मिळतात, त्यातल्या तिसऱ्याला) काय, गोललाइनजवळ काय, शेवटच्या दोन मिनिटांत काय, हेही ते मॅचच्या आधी शांत डोक्याने ठरवत. नेमकं हेच काम टाळलं जातं, कारण ते कंटाळवाणं आहे.

माझ्याकडे एक दुमडलेला कागद असतो. त्यावर अशा पाच प्रसंगांच्या पाच चौकटी, प्रत्येकीत तीन प्ले. बस्स.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घड्याळाचा सराव करायचा आणि डाऊनचा करायचा नाही. आमच्या एका मॅचमध्ये चार गुणांनी मागे होतो, चाळीस सेकंद उरलेले, टाइमआउट संपलेले. थर्ड डाऊन, दहा यार्ड हवेत. रिसीव्हरने आठ यार्डांवर बॉल पकडला आणि मैदानाच्या आतच पडला. घड्याळ चालूच. मी रेषेवरून ओरडलो, "क्लॉक! क्लॉक!" क्वार्टरबॅकने, म्हणजे प्ले चालवणाऱ्या पोराने, शिकवल्याप्रमाणे सगळ्यांना जागेवर आणलं, स्नॅप (प्ले सुरू करायला मागे दिलेला बॉल) घेतला आणि घड्याळ थांबवायला बॉल पायाशी आपटला, म्हणजे स्पाइक केला. घड्याळ थांबलं खरं, पण तो फोर्थ डाऊन होता. बॉल त्यांच्याकडे गेला, त्यांनी वेळ संपवायला एकदा गुडघा टेकला आणि मॅच संपली. पोरगं हेल्मेट न काढताच बाकावर बसून राहिलं. चूक त्याची नव्हती. स्पाइक केला की एक डाऊन खर्ची पडतो, हे मी सरावात कधी बोललोच नव्हतो.

तेव्हापासून आमच्याकडे एकही प्ले नुसता होत नाही. आधी मी सांगतो, "थर्ड डाऊन, सहा यार्ड, टाइमआउट एक, सव्वा मिनिट." क्वार्टरबॅक ते परत म्हणतो, मगच स्नॅप. पहिले दोन आठवडे पोरं वैतागतात. वैतागू द्या. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींना हे पटायला जड जाऊ नये. शेवटच्या षटकात किती चेंडू नि किती धावा, हे न बघता कोणी बॅट फिरवतं का?

दुसरी चूक आघाडीवर असताना होते. हात शिवशिवतात. ५ फेब्रुवारी २०१७ चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन व्यावसायिक लीगची अंतिम मॅच, आठवा. अटलांटाची टीम पेट्रियट्सविरुद्ध २८-३ ने पुढे होती. पुढे २८-२० झालं तरी पाच मिनिटांच्या आत वेळ उरला होता आणि बॉल पेट्रियट्सच्या २२ यार्डांवर होता. बॉल घेऊन तीनदा पळाले असते आणि लाथ मारून तीन गुणांचा फील्ड गोल केला असता, तर आघाडी अकरा गुणांची झाली असती. म्हणजे समोरच्यांना दोनदा गुण करावे लागले असते. त्याऐवजी दुसऱ्या डाऊनला पासचा प्ले घेतला, क्वार्टरबॅक मॅट रायन सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला, बारा यार्ड गेले. पुढच्या प्लेला होल्डिंगच्या (समोरच्याला धरून ठेवल्याच्या) पेनल्टीचे आणखी दहा गेले आणि शेवटी पंट करावा लागला, म्हणजे लाथ मारून बॉल समोरच्यांना द्यावा लागला. पेट्रियट्स ओव्हरटाइममध्ये ३४-२८ ने जिंकले. 'आक्रमक राहायचं' हे वाक्य मला सरसकट मान्य नाही. तीन गुण खिशात असताना ते आधी घ्यावेत.

रेड झोनमध्ये, म्हणजे गोललाइनच्या अलीकडच्या वीस यार्डांत, लांब पासचे प्ले पुसून टाका. गोललाइनच्या मागचा एंड झोन धरूनही तिथे पळायला जेमतेम तीस यार्ड असतात.

थर्ड डाऊनचा प्ले निवडण्याआधी फोर्थला काय करणार ते ठरवा. फोर्थला खेळायचंच असेल, तर थर्डला चार यार्डांसाठी पळायलाही हरकत नाही.

आणि पहिल्या क्वार्टरमध्ये प्ले आठवत नाही म्हणून टाइमआउट घेऊ नका. त्यापेक्षा उशिराबद्दलची पाच यार्डांची पेनल्टी सोसा. मॅचच्या प्रत्येक अर्ध्या भागाला तीनच टाइमआउट मिळतात, आणि मी त्यातले दोन शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखतो.