साठ वर्षं टिकलेली रेकॉर्ड एका संध्याकाळी खराब होते ती अशी

चोरबाजारात एका शुक्रवारी हिंदी सिनेमांच्या ईपींच्या (छोट्या रेकॉर्डच्या) ढिगाखाली मला अटलांटिक या अमेरिकन कंपनीची एक सिंगल, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेली रेकॉर्ड, सापडली. सात इंची, मधोमध मोठं भोक, साठच्या दशकातला सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत. लेबल कोरं करकरीत, पृष्ठभाग आरशासारखा. घरी आलो, पिशवी खाली ठेवली आणि लगेच रेकॉर्ड लावली. सुरुवातीचा ब्रासचा तुकडा इतका आवडला की सुई न उचलताच बोटाने तबकडी मागे फिरवून तो पुन्हा ऐकला. असं पाच-सहा वेळा केलं. त्यानंतर त्या तुकड्यावर ‘खस्स’ असा आवाज येऊन बसला. तो आजही तिथेच आहे.

ती रेकॉर्ड नेहमीच्या व्हिनाइल प्लास्टिकची नव्हतीच. त्या काळी अमेरिकेत बऱ्याच सिंगल्स स्टायरीन नावाच्या कडक आणि स्वस्त प्लास्टिकच्या निघत. व्हिनाइलचा मऊ गोळा गरम साच्यात दाबला जातो आणि लेबलही त्याच दाबाखाली त्यात बसतं. स्टायरीन वितळवून साच्यात सोडतात आणि कागदी लेबल नंतर चिकटवतात. म्हणून लेबलची कड कुठे सुटलेली दिसली, रेकॉर्ड हातात हलकी आणि ताठ लागली, नखाने टिचकी मारल्यावर टणक आवाज आला, तर ती स्टायरीनची समजा. व्हिनाइल थोडीफार चूक सोसतं, स्टायरीन सोसत नाही. त्यावर झिजलेली सुई फिरवायची नाही, रेकॉर्ड मागे फिरवायची नाही, आणि शक्य असेल तर साधी गोल टोकाची सुई वापरायची.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे. जुन्या रेकॉर्ड वयाने कमी मरतात, प्रेमाने विकत घेणाऱ्याच्या घाईने जास्त मरतात. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका त्या घाईच्याच आहेत.

न धुता वाजवणं

बाजारातून आलेल्या रेकॉर्डच्या खाचांत धूळ, तेलकट बोटांचे ठसे आणि बुरशी असतेच, दिसो वा न दिसो. सुईचं टोक ती घाण ढकलत, दाबत, खाचेच्या भिंतीवर घासत पुढे जातं. पहिल्याच वाजवण्यात जे नुकसान होतं ते नंतर कितीही धुतलं तरी भरून येत नाही.

धुणं अवघड नाही. डिस्टिल्ड वॉटर घ्या. नळाचं नको आणि बोअरिंगचं तर मुळीच नको, कारण पाणी वाळतं आणि क्षार खाचेत राहतात. अर्धा लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोन थेंब पुरतात. मऊ मायक्रोफायबर फडकं भिजवून खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल-गोल पुसा. आडवं घासू नका. लेबल कोरडं ठेवा. मग दुसऱ्या फडक्याने नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढा आणि रेकॉर्ड ताटाळ्यात उभी करून ठेवा. आमच्याकडे स्टीलच्या ताटाळ्याचा एक कप्पा आता कायमचा रेकॉर्डचाच झाला आहे. पंखा मात्र बंद हवा, नाहीतर ओल्या रेकॉर्डवर नवी धूळ येऊन बसते. रात्रभर वाळू द्या आणि नव्या आतल्या पाकिटात घाला. धुतलेली रेकॉर्ड जुन्याच मळक्या पाकिटात घातली, तर धुण्याचे कष्ट वाया जातात.

आजोबांच्या ७८ च्या तबकड्याही घरात असतील तर त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी, जाड लागते.

खरखर आली की घासत सुटणं

आधी ऐका आणि मोजा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांत होतो, ४५ च्या वेगाने साधारण १.३ सेकंदांत. ‘टक्… टक्… टक्’ असा आवाज नेमका त्याच अंतराने येत असेल, तर तो आडवा चरा आहे. तो धुऊन जाणार नाही, घासलात तर शेजारी आणखी बारीक ओरखडे पडतील. आवाज अनियमित असेल, कढईत मोहरी तडतडावी तसा, तर घाण किंवा स्थिर वीज; तिथे धुण्याचा उपयोग होतो. आणि आवाज टकटक किंवा तडतड नसून गायकाचा स्वर चढला की फाटतो, ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येतात, तर खाच झिजलेली आहे किंवा तुमची सुई. हे ठरवायला एखादी नवी, खात्रीची रेकॉर्ड हाताशी ठेवा. तिच्यावरही स्वर फाटत असेल तर दोष यंत्राचा.

रेकॉर्डवर सुईचा दाब कमी ठेवला की ती जपली जाते, हा गैरसमज मी अनुभवी संग्राहकांकडेही पाहिला आहे. कार्ट्रिज (ज्यात सुई बसवलेली असते तो भाग) बनवणाऱ्याने १.८ ते २.२ ग्रॅम दाब सांगितला असेल आणि तुम्ही दीड ग्रॅमच ठेवलात, तर मोठ्या आवाजाच्या जागी सुई खाचेत नीट बसत नाही, दोन्ही भिंतींवर आपटते आणि त्या टवकवते. सोलच्या सिंगल्स ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणी लावायचं यंत्र) आणि रेडिओसाठी मुद्दाम मोठ्या आवाजात कापलेल्या, म्हणजे खाचा तशा कोरलेल्या, त्यामुळे तिथे हा धोका जास्त. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा रेकॉर्डसाठीही मिळतो, तो घ्या. आणि सुई उडी मारते म्हणून आर्मवर, म्हणजे सुईच्या दांडीवर, नाणं ठेवण्याचा जुना उपाय कृपया विसरा.

अमेरिकेतून टर्नटेबल आणणं

हे प्रकरण मी जवळून पाहिलं आहे. माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून सत्तरच्या दशकातलं एक सुंदर बेल्ट ड्राइव्ह (मोटर पट्ट्याने तबकडी फिरवते असं) टर्नटेबल मोठ्या हौसेने आणलं. ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर घेतला, सगळं जोडलं, रेकॉर्ड लावली. दोन मिनिटांनी म्हणाला, “मामा, गायिका एवढी खर्जात का गातेय?”

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची आवर्तनं बदलत नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्या जुन्या मोटारी आवर्तनांच्या तालावर फिरतात, म्हणून इथे त्यांचा वेग सहातल्या पाच हिश्शांवर येतो. ३३⅓ च्या जागी २७.८ फेरे. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमधलं गाणं खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली उतरतं. सरळ उपाय: त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं मोटरवरचं चाक, मिळवायची. आम्हाला ती मिळायला चार महिने लागले. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ लॉक (वेग स्वतः स्थिर ठेवणारी यंत्रणा) असलेल्या टर्नटेबलला हा त्रास नाही. तिकडून कुणी काही आणणार असेल, तर मागच्या पट्टीवर ‘६० हर्ट्झ’ एवढंच लिहिलंय का, याचा फोटो आधी मागवा.

लेबल पाहून पैसे मोजणं

इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण सर्वात जास्त पैसे इथेच जातात.

‘पहिली आवृत्ती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डचं लेबल नक्की पाहा. अटलांटिकच्या लाल-हिरव्या एलपी लेबलच्या कडेला बारीक अक्षरांत पत्ता असतो. ‘१८४१ ब्रॉडवे’ असेल तर प्रत सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीची, ‘७५ रॉकफेलर प्लाझा’ असेल तर नंतरची. सोल संगीताच्या स्टॅक्स कंपनीचंही तसंच. मेम्फिसमधल्या मॅक्लेमोर अव्हेन्यूवरच्या एका जुन्या थिएटरात उभी राहिलेली ही कंपनी १९६८ मध्ये अटलांटिकपासून वेगळी झाली, आणि करारामुळे तोवरच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडे राहिली. चुटकी वाजवणाऱ्या हाताचं चिन्ह त्यानंतरचं. त्यामुळे १९६५ ची सिंगल म्हणून कुणी चुटकीच्या लेबलची प्रत दाखवत असेल, तर ती १९६५ ची नाही.

पण लेबल निम्मीच गोष्ट सांगतं. उरलेली शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेली असते, जिला संग्राहक ‘डेड वॅक्स’ म्हणतात. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा १९६९ चा दुसरा अल्बम घ्या. अमेरिकेतली पहिली कापणी, म्हणजे मूळ तबकडीवर खाचा कोरण्याचं काम, ध्वनितंत्रज्ञ बॉब लडविग यांनी केलं आणि ती इतकी दणदणीत होती की साध्या प्लेअरवर सुई उडू लागली. कंपनीने लवकरच सौम्य कापणी करून घेतली. दोन्हींवर लेबल तेच, पत्ता तोच. फरक फक्त डेड वॅक्समधल्या ‘आरएल’ या दोन हाताने कोरलेल्या अक्षरांत, आणि किमतीत. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा, फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहा. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडून डेड वॅक्सचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी घेत नाही.

इंग्लंडच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या प्रतींवर तर आणखी गंमत आहे. डेड वॅक्समध्ये एक-दोन-तीन इंग्रजी अक्षरं दिसतात, ती त्या प्रतीच्या साच्याचा क्रमांक असतात. जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. ‘आरएम’ दिसलं तर साचा २४ वा. ग्रामोफोन कंपनीच्या नावावरूनच हा संकेत केलेला. पहिल्यांदा मी तो उलगडला ती रेकॉर्ड बीटल्सची होती आणि त्या रात्री मी कपाटातल्या सगळ्या एलपी काढून बसलो होतो.

मात्र आपल्याकडे यातून एक चूक हमखास होते. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेल्या कित्येक भारतीय प्रतींवर इंग्लंडचेच मॅट्रिक्स क्रमांक (डेड वॅक्समधले मूळ कापणीचे क्रमांक) आहेत. ते पाहून लोक ब्रिटिश पहिल्या आवृत्तीचे पैसे मोजतात. लेबलवरचा बारीक मजकूर आणि कव्हरची मागची बाजू वाचा, भारत लिहिलेलं सापडेल. याचा अर्थ भारतीय प्रत टाकाऊ असा मुळीच नाही. चांगल्या अवस्थेतली डमडमची प्रत ऐकायला सुरेख असते आणि परदेशातले संग्राहक ती मुद्दाम शोधतात. किंमत मात्र तिची म्हणून द्या.

‘स्टिरिओ’ लिहिलंय म्हणून निवडणं

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतचं बरंच रॉक आणि सोल मुळात मोनोसाठी, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज यावा असं, मिक्स झालं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत मोटारीत असतो तसल्या छोट्या स्पीकरवर मिक्स तपासून पाहत, कारण ऐकणारा तिथेच होता. पुढे दुकानांना स्टिरिओ हवं झालं तेव्हा अनेक कंपन्यांनी मोनो मुद्रणातच एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार स्वर असे खेळ करून ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड’ स्टिरिओ विकला. कॅपिटल कंपनीने त्याला ड्युओफोनिक म्हटलं. अशा प्रती पोकळ, हौदात गायल्यासारख्या वाजतात. कव्हरवर हे शब्द बारीक अक्षरांत असतात, आणि शेजारच्या खोक्यात मोनो प्रत अनेकदा स्वस्तात पडलेली असते. तीच उचला.

अवस्थेच्या खुणांबद्दल एवढंच, की ‘जी’ म्हणजे गुड हे वाचून फसू नका. रेकॉर्डच्या व्यवहारात गुड म्हणजे बऱ्यापैकी खराब. ऐकण्यासाठी व्हीजी प्लसच्या (व्हेरी गुड प्लस) खाली जायचं, तर स्वतः दिव्याखाली पाहूनच. नखाला न लागणारा केसासारखा ओरखडा सहसा ऐकू येत नाही. नखाला लागला की ऐकू येणार. कव्हरचा कोपरा कापलेला असेल तर घाबरू नका, न खपलेला माल स्वस्तात काढताना कंपन्या तसं करत.

पावसाळा आणि पीव्हीसी

रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. मऊ पीव्हीसीची पाकिटं काढून टाका. आपल्या उष्म्यात ती रेकॉर्डला चिकटतात आणि व्हिनाइलवर धुरकट डाग सोडतात, जो धुऊन जात नाही आणि वाजताना सुस्कारा देतो. पॉलिथिनची वापरा. अमेरिकन एलपीवरचं मूळ श्रिंकरॅपही (घट्ट बसणारं पारदर्शक वेष्टन) कितीही मोह झाला तरी काढा, ते आवळत जातं आणि रेकॉर्ड वाकवतं. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा कपाट उघडून प्रत्येक कव्हर हाताळा. बुरशी आधी पुठ्ठ्यावर येते, रेकॉर्डवर नंतर.

बिघाड वाटतो, पण बिघाड नसतो

आवाज बारीक आणि खर्ज गायब: टर्नटेबल थेट अँपच्या ऑक्स या साध्या जोडणीत लावलं आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि तो परत भरायचं काम फोनो प्रीअँपचं, म्हणजे टर्नटेबल आणि अँप यांच्या मधल्या उपकरणाचं. एकसारखी घुं-घुं: टर्नटेबलमागची बारीक अर्थिंगची तार अँपच्या स्क्रूला लावायची राहिली. एकाच स्पीकरमधून आवाज: हेडशेलमधल्या (कार्ट्रिज बसतं त्या टोकामधल्या) चार रंगीत तारांपैकी एखादी सैल झाली आहे. अँप बंद करा, चिमट्याने तार मागे ओढून पुन्हा बसवा. ओढताना तारेला नाही, टोकाच्या पितळी टोपीला धरा, नाहीतर केसाएवढी तार टोपीतून सुटून हातात येते.