शाळेत मुलाला घालूनपाडून बोलतात? तक्रार कधी करायची आणि कशी

"ताई, एवढ्याशा बोलण्यावर तक्रार करायची का?" पालकांचा फोन आला की पहिला प्रश्न हाच असतो. नाशिकच्या सिडकोतल्या एका महापालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी दोन वर्षं होते. त्याआधी स्वतःच्या मुलासाठी शाळेची पायरी चढले होते. नंतर सातपूर, नाशिकरोड, पंचवटीकडच्या कितीतरी आईबापांचे अर्ज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिले गेले. माझं उत्तर एवढंच असतं: मुलाच्या कामाला नावं ठेवली तर तक्रार नाही, मुलाला नावं ठेवली तर तक्रार.

"अक्षर गचाळ आहे, पुन्हा लिही" हे शिक्षकाचं कामच आहे. "तुझा बाप हातगाडी ढकलतो, तूही तेच करणार" हे शिक्षकाचं काम नाही. या दोन्हींच्या मधलं बोलणं असेल तर मी दोन गोष्टी बघते. तेच बोलणं पुन्हा झालं का? आणि त्यानंतर पोराचं वागणं बदललं का? एखादे सर चिडून "माकडा" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोराला शेजारी बसवून गणित समजावत होते, तर मी अर्ज लिहून देत नाही. असे दोन अर्ज मी पालकांना परत घेऊन जायला लावलेत.

पण जात, अपंगत्व, मुलीच्या अंगाविषयी काही बोलणं आणि शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेल्या पोरांना "फुकटे" म्हणणं, यांत दुसऱ्या वेळेची वाट बघायची नाही. आमच्या जिल्ह्यात आणखी एक प्रकार घडतो. बागलाण-कळवणकडून शहरात आलेलं पोर अहिराणीत बोललं की सगळ्या वर्गासमोर त्याची नक्कल होते. ते पोर मग वर्गात तोंड उघडत नाही. हीसुद्धा तक्रारच आहे. आणि बोलणारे शिक्षकच असतात असं नाही. फी थकली म्हणून मुलीला रांगेत सगळ्यांसमोर बोलणारा लिपिकही शाळेचाच माणूस.

अर्जाआधी वह्यांचे फोटो काढा

"तक्रार करू नका, शाळा डूख धरेल, मूल तिथेच शिकायचंय" हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो देणाऱ्याशी वाद घालत नाही. डूख धरला जातो, कधीकधी. त्यावर गप्प बसणं हा उपाय नाही. अर्ज देण्याआधी मुलाच्या सगळ्या विषयांच्या वह्या, चाचणीचे पेपर आणि प्रगतिपुस्तक यांचे फोटो काढून ठेवा. तक्रारीनंतर गुण एकदम घसरले किंवा वहीवर लाल शेरे वाढले, तर आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून दाखवता येतं. दहावीला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शाळेच्या हातात असतात, तिथे हे फार उपयोगी पडतं.

नेमकं वाक्य मिळवणं: सगळं इथेच अडतं

माझा पहिला अर्ज दोन पानी होता. मुलगा सहावीत होता, शाळा अनुदानित. रात्री दीड वाजेपर्यंत जागून लिहिला होता. "मानसिक छळ", "खच्चीकरण", "भवितव्याशी खेळ" असे शब्द त्यात भरलेले. मुख्याध्यापकांनी तो शांतपणे वाचला आणि एकच विचारलं, "बाई नक्की काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "ढ म्हणाल्या." बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मी हा शब्द वर्गात वापरतच नाही." त्या खरं बोलत होत्या. तो शब्द माझा होता. मुलगा रडत घरी आला होता, त्याच्या तुटक बोलण्यावरून मीच ताडलं होतं की ढ म्हणाल्या असणार. दहा मिनिटांत तक्रार निकाली निघाली, आणि वर "पालकांनी मुलांचं सगळंच खरं मानू नये" हेही ऐकावं लागलं.

आठवड्याने त्याची गणिताची वही चाळत होते. शेवटच्या पानावर पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं होतं. रबराने अक्षरं गेली होती, पण दाब देऊन लिहिल्यामुळे कागदावर वळ उमटले होते. पान खिडकीशी तिरपं धरलं तेव्हा वाचता आलं: "तू बस खाली. तुझ्यामागे वेळ घालवला तर बाकीच्यांचं नुकसान होतं." बाईंचं वाक्य. तो फळ्याशी गणित सोडवायला उभा राहिला होता तेव्हाचं. ते त्याने घरी सांगितलं नाही, वहीत लिहिलं आणि खोडलं.

दुसरा अर्ज अर्ध्या पानाचा झाला. त्यात ते वाक्य अवतरणचिन्हांत होतं. मुख्याध्यापकांनी ते बाईंसमोर मोठ्याने वाचलं. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हो, असं म्हणाले मी."

म्हणून सांगते, मुलाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे मिळाल्याशिवाय पेन उचलू नका. आणि ते मिळवायचे तर मुलाला उलटतपासणीसारखं समोर बसवू नका. आजी, काका, शेजारी सगळे गोळा झालेत आणि मधे मूल, असं तर कधीच नको. मटार सोलताना, स्कूटरवर मागे बसवून नेताना, झोपायच्या आधी दिवा मालवल्यावर विचारा. "आज वर्गात काय झालं?" आणि मग फक्त "बरं, मग?" एवढंच. "बाई तुला मठ्ठ म्हणाल्या का?" असं विचारलंत की मूल "हो" म्हणतं. तुम्हाला जे ऐकायचंय ते मूल तुम्हाला देतं. मग पुढे कुणी दुसऱ्याने विचारलं की त्याला तुमचं वाक्य आठवतं, बाईंचं नाही. पुन्हा पुन्हाही विचारू नका. दर वेळी गोष्ट थोडी बदलते आणि ते बदललेलं तुमच्याच अंगाशी येतं.

सांगून झालं की त्याच रात्री लिहून ठेवा. तारीख, कितवा तास, वर्गात की मैदानावर, आणि मूल ज्या बोलीत बोललं त्याच बोलीत. मुलगी म्हणाली "त्या बोलल्या की तुम्ही लोकं असेच" तर "तुम्ही लोकं असेच" एवढंच लिहा. "तुम्ही लोक" म्हणजे कोण याचा अर्थ आपण भरायचा नाही. मुलीला "बहुतेक" वाटत असेल तर "बहुतेक" लिहा. ही कबुली असलेला अर्ज जास्त खरा वाटतो.

दुसऱ्या मुलांनी ऐकलं असेल तर त्या मुलांना शाळेच्या गेटवर गाठू नका. त्यांच्या आईवडिलांशी बोला आणि त्यांची परवानगी नसेल तर त्या मुलांचं नाव अर्जात घालू नका. पोराच्या दप्तरात फोन ठेवून आवाज टिपायला सांगणाऱ्यांचं मी अजिबात ऐकत नाही. पकडलं गेलं की विषय बाईंच्या बोलण्यावरून पोराच्या फोनवर जातो, आणि भीतीने थिजलेलं मूल दिवसभर दप्तराकडे बघत बसतं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही काही टाकायचं नाही. तिथे टाकलेलं संध्याकाळपर्यंत बाईंकडे पोचतं, उत्तरं तयार होतात, आणि तुमच्या मुलाचं नाव चाळीस घरांत जातं.

अर्ज

अर्ध्या पानात बसवा. प्रति मुख्याध्यापक. विषय: "इयत्ता सहावीतील विद्यार्थ्याला वर्गात अपमानास्पद बोलल्याबाबत." मग असं काहीतरी:

"दिनांक अमुक रोजी चौथ्या तासाला गणिताच्या शिक्षिका वर्गासमोर माझ्या मुलाला म्हणाल्या, '...'. तेव्हापासून तो फळ्याशी जायला नकार देतो व सकाळी पोटात दुखतं म्हणतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियम 2009 च्या कलम 17 नुसार बालकाला मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. याची चौकशी करून आपण काय केले ते मला लेखी कळवावे."

बस. कलम एकच पुरे. तो कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि पहिली ते आठवीच्या मुलांसाठी आहे. कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई करतं, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. नववी-दहावीच्या मुलासाठी हे कलम लिहू नका, पहिल्याच वाक्यात खोडलं जाईल. खाजगी शाळा असेल तर कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची 1981 ची नियमावली आहे, तिचा उल्लेख करा. इंटरनेटवरून सात-आठ कलमं उतरवून आणलेला अर्ज शाळा वकिलाकडे पाठवते आणि तिथेच तो पडून राहतो.

"निलंबित करा" असं पहिल्या अर्जात मागू नका. काय बदलायला हवं ते मागा. जे बोलणं वर्गासमोर झालं ते वर्गासमोरच दुरुस्त व्हावं, मुलाची मागे हलवलेली जागा परत मिळावी, एवढं.

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शाळेचा शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, मी बघतो" म्हणाले तर ठेवून जायचं नाही. पोच देत नसतील तर तिथून थेट पोस्टात जा, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. अंबड-सातपूरला पाळीत काम करणाऱ्यांना सारखी रजा परवडत नाही. पोच घेतलीत तर एकच फेरी पुरते.

कुणाकडे

आधी मुख्याध्यापक. महापालिका, जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळा असेल तर एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, पण बहुतेकांना ते माहीतच नसतं. विनाअनुदानित खाजगी शाळेला ही समिती बंधनकारक नाही, तिथे प्रत संस्थेच्या सचिवांना. बोलणारे मुख्याध्यापकच असतील तर त्यांना वगळून वर जा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर पुढची पायरी शाळेवर ठरते. महापालिकेची शाळा असेल तर महापालिकेचा शिक्षण विभाग. जिल्हा परिषदेची असेल तर केंद्रप्रमुख आणि तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी. खाजगी असेल तर जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी, प्राथमिक किंवा माध्यमिक. आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा असेल तर तिची तक्रार नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयात करायची. तिथे दाद मिळाली नाही तर आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. 2009 च्या कायद्याच्या कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे महापालिका किंवा जिल्हा परिषदेने, तीन महिन्यांत तक्रारीचा निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर मुंबईला राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. नुसतीच टोलवाटोलवी चालली असेल तर "माझ्या अर्जावर काय कार्यवाही केली" एवढंच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये, तीस दिवस.

काही ठिकाणी ही पायरी-पायरी चढत बसायचंच नाही. बोलण्यात लैंगिक हेतू असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे थेट पोलीस. शाळेला कळलं असेल तर पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे, "आपापसात मिटवू" म्हणण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला चारचौघांत जातीवरून अपमानित केलं तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अपंग मुलाचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणं हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात गुन्हा आहे. मूल घाबरून काहीच सांगत नसेल किंवा तुम्हालाच काही सुचत नसेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा, फुकट आहे.

तुम्ही स्वतः शिक्षक असाल तर

शिक्षकखोलीत "त्या बॅचमध्ये नुसते दगड आहेत" हे तुमच्याही कानावर पडत असेल. सहकाऱ्याला एकदा बाजूला घेऊन सांगा, नावासकट: "त्या पोराविषयी असं बोलू नका." पुन्हा झालं, किंवा त्या बोलण्यावरून पोराची तुकडी, जागा, स्पर्धेतलं नाव बदलायला लागलं, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढणाऱ्या नव्या शिक्षकाला ही भीती मोठी असते, मला ते कळतं. त्याने एकट्याने सही करू नये. व्यवस्थापन समितीतल्या शिक्षक प्रतिनिधीकडून किंवा मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीकडून विषय घ्यायला लावावा.

भेटीला बोलावलं की

मुलाला नेऊ नका. बरोबर एकच माणूस न्या, तो फक्त लिहून घेईल. "मस्करी होती" म्हणाले तर वाद घालू नका, विचारा, "मुलगा हसला का?" आणि उत्तर लिहून घ्या. मुलाला आणि बाईंना एका खोलीत बसवून "समजूत घालू" म्हणतील, त्याला नाही म्हणा. घरी येऊन भेटीत काय ठरलं ते चार ओळींत लिहा आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना पाठवा.

एक गोष्ट अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते: घरी तुम्ही त्याला काय म्हणता? एका बापाने इथे बसून बाईंविरुद्ध तावातावाने सांगितलं आणि जाताना दारात पोराला म्हणाला, "चल रे मठ्ठ." पोराने चप्पल घालता घालता माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी अर्ज लिहिला नाही. बापाला पुढच्या रविवारी एकट्याला बोलावलं, तो आला, आणि मग लिहिला.

तक्रारीनंतर पहिले दोन महिने मुलाला रोज विचारू नका, आठवड्यातून एकदा वही बघा. माझ्या मुलाला बाईंनी पुढच्याच सोमवारी फळ्याशी बोलावलं, तो गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा गेला, अर्धं गणित सोडवून परत आला. उरलेलं अर्धं बाईंनी त्याच्या बाकाशी येऊन करून घेतलं. फाईल मी दहावीनंतर शाळा सोडल्याचा दाखला हातात पडेपर्यंत ठेवली होती, तुम्हीही ठेवा.