जुनी नोट ओळखायची तर सही वाचा

रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर छपाईचं साल येऊ लागलं ते २००५ पासून. त्याआधीच्या नोटेचं वय मुख्यतः गव्हर्नरच्या सहीवरून काढावं लागतं. एक रुपयाची नोट मात्र भारत सरकारची. तिच्यावर अर्थसचिवाची सही असते.

आधी चित्र बघा. ब्रिटिश राजा सहावा जॉर्ज असेल तर छपाई साधारण १९५० च्या आधीची. गांधीजींऐवजी अशोकस्तंभ असेल तर साधारण १९९६ च्या, म्हणजे महात्मा गांधी मालिकेच्या, आधीची.

मग भिंग घेऊन सही वाचा. खरी गंमत इथेच आहे. गांधी जन्मशताब्दीची, बसलेल्या गांधीजींचं चित्र असलेली नोट घ्या. तिच्यावर सहसा तेव्हाचे गव्हर्नर एल. के. झा यांची सही दिसते. त्याच नोटेवर बी. एन. आडारकरांची सही असेल तर ती जपून ठेवा. आडारकर १९७० मध्ये जेमतेम सहा आठवडे गव्हर्नर होते, त्यामुळे त्यांच्या सहीच्या नोटा कमी आणि भाव जास्त. चित्र तेच, कागद तोच, फरक फक्त सहीचा.

नंबरही पाहा. एकसारखे आकडे, ७८६, अगदी सुरुवातीचे क्रमांक यांना गिऱ्हाईक असतं. नंबरात तारा दिसला म्हणून नोट खोटी समजू नका. खराब छापलेल्या नोटेच्या बदली घातलेली ती नोट असते. २००६ पासून अशा नोटा निघाल्या.

आता अवस्था. नोट उजेडासमोर धरा, घड्या मोजा, कोपरे बघा. कोऱ्या नोटेलाही डावीकडे भोकं असतील तर दचकू नका, पूर्वी बँका गड्ड्यांना स्टेपल मारत. पण धुणं, इस्त्री, चिकटपट्टी यातलं काही करू नका. मळकी नोट चालते, 'सुधारलेली' नोट जाणकार लगेच ओळखतो आणि भाव पाडतो.

भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नका; लिलावात तशाच सहीची, तशाच अवस्थेतली नोट प्रत्यक्षात कितीला गेली ते शोधा. 'पाच रुपयांच्या नोटेचे लाखो मिळवा' म्हणणारा आधी कमिशन किंवा कर मागत असेल तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे प्रकार चालतात, असा इशारा बँकेनेच २०२१ मध्ये दिला आहे.

आणि २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा साठवत असाल तर जरा बेतानं. २०१७ च्या कायद्यानुसार अशा एकूण दहाच नोटा जवळ ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीस.