मे महिन्याचा सल्ला: नवतप्यात मलूल पडलेलं कोरल परत कसं उभं करायचं

नागपुरात दुपारी पारा ४५ च्या वर जाऊन राहिला, २५ मेपासून नवतपा, म्हणजे सगळ्यात तापते नऊ दिवस, लागेल, आणि ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे त्या सगळ्यांचं दुखणं सध्या एकच, टँकमधली मऊ कोरलं (प्रवाळ) मलूल आहेत: लेदर उघडत नाही, मशरूम आक्रसून गोळा झालं, झोआ तर चार दिवसांपासून मिटलेलेच. अशा वेळी माणूस घाबरून दुकानातून एखादी बाटली आणतो आणि ओततो. ते नका करू. आधी थर्मामीटर पाहा, तेही सकाळी नाही, संध्याकाळी ५-६ वाजता, कारण टँक दिवसभर तापत जातो आणि आपण पाहतो सकाळी चहा पिताना.

पाणी २५-२६ डिग्रीला असलं तर उत्तम, २८ पर्यंत बरेच जण सोसतात, ३० च्या वर गेलं की त्रास सुरू. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला, आणि कोरलचं बरंचसं जेवण तेच बनवून देतं. पाणी फार तापलं की कोरल त्यालाच बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हेच झालं. पण पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही, ते उपाशी आहे, मांस शाबूत असेल तर परत येतं. आपल्याकडे मृग बहारासाठी संत्र्याला याच दिवसांत ताण देतात, त्यातून फूल येतं. कोरलला ताण देऊन काहीच मिळत नाही.

आता थंड कसं करायचं. नागपूरचा उन्हाळा कोरडा आहे ही आपली जमेची बाजू. वरचं काचेचं झाकण काढा, जाळी टाका, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा जाईल असा छोटा पंखा लावा, २ ते ३ डिग्री सहज उतरतात. मात्र त्याच खोलीत कूलर चालू असेल तर खोली गार होते पण हवा दमट होते, मग टँकवरचा पंखा तेवढं काम करत नाही, म्हणून कूलरचा झोत टँकच्या खोलीत सोडायचा की नाही ते दोन दिवस आकडे लिहून ठरवा. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, पाणी झपकन उतरतं आणि दोन तासांत परत चढतं, तो झटका उष्णतेपेक्षा वाईट. दिवसाला साधारण १ डिग्री या चालीनं खाली आणा.

पंखा लावला की पाणी उडणार. माझ्या २०० लिटरच्या टँकमधून मे मध्ये रोज ५ लिटरच्या आसपास जातं. मीठ मात्र उडत नाही, त्यामुळे ३५ ची क्षारता (पाण्याचा खारटपणा, हजार भागांत ३५ भाग मीठ) दोन दिवसांत ३७ च्या जवळ पोचते आणि कोरल आणखीच मिटतं. तेवढं पाणी रोज दोन-तीन वेळा थोडं थोडं भरा, साधं गोडं आरओचं, मिठाचं नाही. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, ३५ च्या द्रावणानं आधी तपासून घ्या, नाहीतर सगळा हिशोबच चुकतो.

आणि हे आरओचं पाणी कोणतं ते नीट पाहा. घरच्या प्यायच्या आरओत बरेचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. हल्ली तर तांब्याचं कार्ट्रिज असलेले आरओ घरोघरी आहेत. मागच्या वर्षी आमच्याकडे असाच नवा आरओ बसला आणि मी आठवडाभर त्याच पाण्यानं टॉप-अप केला. आधी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडल्या, मग मशरूम चण्याएवढं झालं. तांबं माणसाला चालतं, बिनकण्याच्या जीवांना ते विष आहे. कॉपरची टेस्ट केली, तीन आठवडे रोज थोडं थोडं पाणी बदललं, ताजा कार्बन घातला, एक मशरूम वाचलं. तेव्हापासून डीआयवालं, म्हणजे उरलेसुरले क्षारही काढणारं, वेगळं युनिट, टीडीएस शून्य, आणि माशांच्या औषधाच्या बाटलीवर कॉपर लिहिलं असेल तर ती टँकच्या खोलीतसुद्धा ठेवत नाही.

तापमान आणि मीठ जागेवर आलं की लाईट निम्मी करा आणि ६-७ तासच ठेवा, दोन आठवडे. मग आठवड्याला ५-१० टक्के वाढवा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असेल तर जाड पडदा लावा. नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका, नायट्रेट ५ ते १० पीपीएम चाललं, पार शून्य झालं तर उपाशी कोरलला खायलाच उरत नाही. अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) टेस्ट किटवर ८-९ केएचला स्थिर असू द्या, रोज हलू देऊ नका.

लेदरचं एक ध्यानात ठेवा. ते अधूनमधून अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरतं आणि आठवडा-दीड आठवडा मिटून बसतं, मग तो पापुद्रा सुटतो आणि खालून स्वच्छ टवटवीत अंग निघतं. त्याला बरं करायची गरज नसते, पाण्याचा झोत थोडा वाढवा म्हणजे सुटायला मदत होते. खरं सडणं वेगळं दिसतं, मऊ काळपट भाग, घाण वास, हात लावला की चिकट सुटतं. तेवढाच भाग नव्या ब्लेडनं निरोगी मांसापर्यंत कापा, आयोडीनच्या डिपमध्ये (बुडवून ठेवायच्या द्रावणात) लेबलवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा आणि मगच परत लावा. झोआला हात लावताना ग्लोव्ह आणि चष्मा घालाच, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि झोआ असलेला दगड कधीही उकळू नका किंवा त्यावर गरम पाणी ओतू नका, वाफेनं माणूस दवाखान्यात जातो.

दगडी कोरल, म्हणजे चुन्याचा कठीण सांगाडा असलेलं, मी ठेवत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. सगळी दगडी कोरलं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये आहेत, ऑर्गन पाईप आणि समुद्रपंखेसुद्धा, त्यामुळे कोणी स्वस्तात अक्रोपोरा किंवा हॅमर असं दगडी कोरल दाखवलं तरी सरळ नाही म्हणा.

लाईट गेली तर इन्व्हर्टरवर आधी पाणी हलवणारा पंप, एलईडी नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन तसाही कमी असतो, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे, शंभर-दोनशे लिटरला एक पुरतो.

मृग लागून पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि मेमध्ये ज्या पंख्यावर काम भागलं तो निम्मंही काम करत नाही. एसी २६ ला ठेवायचा की चिलर (टँकचं पाणी थंड करायचं यंत्र) घ्यायचा ते आत्ताच ठरवा, आणि चिलर घेतला तर त्याची गरम हवा टँकच्या खोलीतच घुसणार नाही अशी जागा पाहून बसवा.