विजेच्या तारांखाली मरणारे पक्षी मोजण्याची रीत

बीड आणि धाराशिवच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांची वीज वाहून नेणाऱ्या ताराही माळरानांवर पसरल्या. या तारांमुळे पक्षी मरतात हे गुराखी आणि लाइनमन जाणतात. किती मरतात, हे मात्र पद्धतशीर पाहणीशिवाय सांगता येत नाही. महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग किंवा चार-पाच पक्षिमित्रांचा गट ही पाहणी करू शकतो. अट एकच: सापडलेले पक्षी आणि मेलेले पक्षी या दोन वेगळ्या संख्या आहेत, हे आरंभापासून ध्यानात ठेवले पाहिजे. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात ८० किलोमीटर वीजवाहिन्यांची वर्षभरात सात वेळा पाहणी केली, तेव्हा २८९ मृत पक्षी सापडले. नजरेतून सुटलेले आणि जनावरांनी उचलून नेलेले पक्षी हिशेबात धरून सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या परिसरासाठी काढलेला वार्षिक अंदाज मात्र ८४,००० च्या आसपास होता.

वाहिनी निवडताना ‘तिथे पक्षी मरतात असे ऐकले’ हा निकष लावू नये, कारण त्याने अंदाज फुगतो. नकाशावरील सर्व वाहिन्यांचे दोन-दोन किलोमीटरचे तुकडे करून त्यांतून चिठ्ठ्या टाकून निवड करावी. गावाला वीज देणाऱ्या ११ केव्हीच्या लहान खांबांचे आणि उंच मनोऱ्यांवरील वाहिन्यांचे तुकडे वेगळे ठेवावेत. या दोन्हींवरील मृत्यूची कारणेच भिन्न असतात. लहान खांबावर घार, शिक्रा किंवा घुबड बसते आणि पंख दोन तारांना अथवा तार व लोखंडी आडव्या पट्टीला एकाच वेळी टेकून त्याला विजेचा धक्का बसतो. असा पक्षी बहुधा खांबाच्या पायथ्याशी पडतो आणि त्याचे पंख किंवा पाय करपलेले असू शकतात. उंच वाहिन्यांवर टक्कर होते, विशेषतः सर्वांत वरच्या बारीक भूतारेला (अर्थ वायरला), कारण ती सहज दिसत नाही. माळढोक, रोहित, करकोचे यांसारख्या जड पक्ष्यांना ऐनवेळी दिशा बदलणे कठीण जाते. असे पक्षी दोन मनोऱ्यांच्या मधल्या भागात, मान किंवा पंख मोडलेले सापडतात.

प्रत्यक्ष फेरी दोघांनी करावी, तारेच्या दोन्ही बाजूंनी एकेकाने, संथ नागमोडी चालीने. पहिल्या फेरीत आधीपासून पडलेल्या अवशेषांची छायाचित्रे आणि स्थाने नोंदवून ती पुढील मोजणीतून वगळावीत. त्यानंतर दर नोंदीत जात, स्थान, खांब क्रमांक, तारेपासूनचे अंतर, जखमेचे स्वरूप आणि छायाचित्र असावे. नुसता पिसांचा पुंजका सापडला तर किमान किती पिसे असल्यास एक पक्षी धरायचा, हे आधीच ठरवावे. तूर आणि ज्वारी उभी असताना शेतात शोध घेता येत नाही; तेवढे अंतर ‘न तपासलेले’ म्हणून लिहावे, शून्य म्हणून नव्हे. सुगीनंतरचे उघडे रान या कामाला सर्वांत सोयीचे.

आता बहुतेक हौशी पाहण्यांत वगळला जाणारा भाग. कुत्री, कोल्हे, मुंगूस आणि कावळे मृत पक्षी लवकर नाहीसे करतात. ते किती लवकर होते हे कळण्यासाठी वन विभाग व शेतमालकाच्या संमतीने बाजारातून आणलेले ताजे मारलेले बटेर ठरावीक जागी ठेवावेत आणि पुढील फेरीच्या दिवसापर्यंत रोज पाहावे. ब्रॉयलर कोंबडी वापरू नये. तिची पांढरी पिसे लांबूनच दिसतात आणि शोधणाऱ्याला न कमावलेले श्रेय देतात. त्याच बटेरांवर, ठेवलेली जागा ठाऊक नसलेल्या सदस्याची परीक्षाही घ्यावी. उदाहरणार्थ, फेरीत ६ पक्षी सापडले, पुढच्या फेरीपर्यंत निम्मेच अवशेष टिकतात आणि त्यांतले ६० टक्के नजरेस पडतात असे आढळले, तर ६ ला ०.५ आणि ०.६ च्या गुणाकाराने भागून अंदाज २० येतो.

मृतांसोबत जिवंतांचीही मोजणी हवी. हिवाळ्यात नाथसागराच्या काठी, जायकवाडी पक्षी अभयारण्याच्या परिसरात, पट्टकादंब (बार-हेडेड गूज) हे पक्षी जलाशय आणि शेते यांच्यामध्ये ये-जा करतात. एका स्थिर जागेवरून पहाटे व सायंकाळी तासभर किती पक्षी तारांच्या वरून, मधून आणि खालून गेले ते लिहावे. ही नोंद नसेल, तर एका वाहिनीखाली जास्त मृत्यू का, ती धोकादायक आहे म्हणून की तिथून पक्षीच अधिक जातात म्हणून, हे सांगता येत नाही.

काही बंधने मोडू नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्याचे अवशेष किंवा पिसे परवानगीविना घरी आणता येत नाहीत. लोंबकळणाऱ्या तारेजवळ जाऊ नये आणि पावसाळ्यात खांबाच्या ताणाला (आधाराच्या तिरप्या तारेला) हात लावू नये. मृत पक्ष्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये. २०२५ च्या जानेवारीत उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. एका ठिकाणी अनेक पक्षी एकदम मेलेले दिसले, तर मोजणी थांबवून पशुसंवर्धन आणि वन विभागाला कळवावे.

ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर केवळ जिवंत पक्ष्यांची नोंद करायची असते, त्यामुळे मृतांची यादी तिथे टाकू नये. सर्व सजीवांच्या नोंदी घेणाऱ्या आय-नॅचरलिस्ट संकेतस्थळावर ती चालते. पक्ष्यांना तारा लांबूनच दिसाव्यात म्हणून त्यांवर पक्षिरोधक चकत्या बसवण्याचे ठरले, तर त्याआधी किमान एक पूर्ण वर्षाची मोजणी हाती असावी आणि चकत्या न बसवलेली, तशाच परिसरातील एक वाहिनी तुलनेसाठी राखावी. वन विभागाला आणि वीज कंपनीला अहवाल देताना ज्या फेऱ्यांत एकही पक्षी सापडला नाही, त्यांचे तक्तेही तारीख आणि तपासलेल्या अंतरासह जोडावेत.