तापीचा हिसका विसरा, मग अलास्काला जा

भुसावळला मी मालगाडीचा गार्ड होतो. मासे धरायला शिकलो ते चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, शेजारच्या भोईकाकांच्या मागे हिंडून. बांबूची काठी, दोरा, गळाला गांडूळ आणि तरंगत्या बुचावर डोळा. बूच बुडालं की हिसका. एवढ्या शिदोरीवर दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या सुमारास, अलास्कातल्या जंगलातल्या एका लॉजवर सहा दिवस सॅमन आणि ट्राऊट धरून आलो. लेक सिअ‍ॅटलजवळ असते, जावयानं हट्टानं नेलं. पैसे त्यानंच भरले. आकडा मी विचारला नाही. कळला असता तर पाण्यात उतरलोच नसतो. आता नात्यातली माणसं विचारतात, "आप्पा, आमले बी जानं शे, काय करानं?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मासा ठरवा, मग महिना, मग लॉज. सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्मल्या नदीत परत चढतो. भरूचकडे नर्मदेत पावसाळ्यात पाला मासा (हिल्सा) चढतो ना, तसा. पण पॅसिफिकचा सॅमन अंडी घालून झाली की मरतो. त्याच्या पाच जाती, आणि प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं. सगळ्यात मोठा किंग जूनपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. लाल मांसाचा सॉकाय जुलैत. अलास्कातल्याच ब्रिस्टल बे भागात २०२२ साली तो ७ कोटी ९० लाखांच्या आसपास आला होता. कोहो ऑगस्ट-सप्टेंबरात. चम आणि पिंक मधल्या काळात, त्यात पिंक ब्रिस्टल बेकडे सम वर्षांत जास्त. मोठा रेनबो ट्राऊट हवा असेल तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर, कारण तेव्हा तो सॅमनची अंडी खाऊन माजलेला असतो. परवाना ऑनलाइन मिळतो, किंगसाठी वेगळा शिक्का लागतो. नियम नदीगणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून लॉजवाल्याला पत्र लिहून तारखांसकट विचारा.

त्याच पत्रात खरं सांगून टाका: वय किती, गुडघे कसे, पोहता येतं का, फ्लायची, म्हणजे पिसा-दोऱ्याचा नकली किडा फेकायची, काठी कधी धरली आहे का. घरात कोणी शाकाहारी असेल तर तेही. तिथे वाणसामान आणायला दुकान नसतं, सगळं विमानानं येतं. फ्लाय जमत नसेल तर रिळाची साधी काठी मागा, कोहो चमकत्या पात्यावर झडप घालतो. लाजायचं काय त्यात?

मी मात्र फ्लायचाच हट्ट धरला. जावयानं काठी आधीच पाठवली होती, तिचा सराव पुतण्याच्या मोकळ्या वावरात केला. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधायचा. काठी मागे घड्याळातल्या दोनपर्यंत, पुढे दहापर्यंत, आणि मागे गेल्यावर दोरा सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं. हे थांबणंच जमत नाही. केळीच्या बागेतून येणारे गडी विचारायचे, "आप्पा, वावरमा मासा धरी ऱ्हायनात का?" विचारू द्या. आठ दिवस रोज अर्धा तास करा, नाहीतर तिथे गळ स्वतःच्याच टोपीत अडकतो. माझा सराव करूनही दोनदा अडकला. काळा चष्मा तेवढ्यासाठीही घालायचाच. तो पोलराइज्ड असला की पाण्याची चकाकी जाऊन तळाचा मासा दिसतो.

सामान मऊ पिशवीत. अँकरेज शहराहून पुढे आम्ही पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं गेलो. तिथे सामानाचं वजन करतात, आणि माणसाचंही. बायकोनं आकडा मला पाहू दिला नाही. आमची कडक सुटकेस त्यात बसेना, ती धक्क्यावरच्या ऑफिसात ठेवावी लागली. शेव आणि चिवडा तिच्यातच राहिला. काळा मसाला हिनं पर्समध्ये ठेवला होता म्हणून वाचला. कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. सुती ओले झाले की वाळत नाहीत. डासांचं डीईईटीवालं मलम घ्या, पण ते लावलेल्या हातानं दोऱ्याला शिवू नका, दोऱ्याचं प्लॅस्टिक खातं ते.

छातीपर्यंतचे रबरी वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची विजार, लॉजवाले देतात. कमरेचा पट्टा घट्ट आवळा, पडलात तर आत पाणी चटकन भरत नाही. स्वतःचे बूट नेणार असाल तर तळाला नमदा (दाबलेल्या लोकरीचा थर) नको. परक्या पाण्यातली घाण नदीत येते म्हणून २०१२ पासून तिथे त्याला बंदी आली. पाण्यात पाय उचलायचा नाही, सरकवायचा.

आता मुख्य गोष्ट. जन्मभर मी गार्ड, माझी शिट्टी झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. तिथे मला गाईड मिळाली ती चोवीस वर्षांची पोर. ट्राऊटला गळापासून दोन इंचांच्या आत प्लॅस्टिकचा मणी लावतात, सॅमनच्या अंड्याच्या रंगाचा, आणि वर चक्क बूच! बूच पाहून माझा जीव भांड्यात पडला. ते थबकलं की लगेच ओढायचं, पण आपल्यासारखं वर नाही, प्रवाहाच्या खालच्या बाजूला आडवं, म्हणजे गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. संध्याकाळी तिनं लोकरीचा उंदीर बांधला. खरंच उंदीर, शेपटीसकट. काठावरून पाण्यात पडणारे उंदीर हा ट्राऊट खातो. तिथे नियम उलटा: पाणी उसळलं तरी ओढायचं नाही, हाताला वजन लागेपर्यंत थांबायचं. मी तीनदा हिसका दिला, तीनही गेले. चौथ्या वेळी ती मागून "वेट, वेट" म्हणत राहिली आणि मी दात आवळून थांबलो. तो लागला.

मोठा मासा लागला की रिळाची मूठ सोडा. ती उलटी गरगरते, बोटं फोडते. रिळाला ब्रेक असतो, त्याला त्याचं काम करू द्या. मासा पळतो तेव्हा पळू द्या, थांबला की काठी वर उचला आणि खाली आणता आणता दोरा गुंडाळा. ट्राऊट आम्ही सगळे सोडले. हात ओले करून, माशाला पाण्यातच धरून, फोटोपुरता क्षणभर वर.

अस्वलाबद्दल. पळायचं नाही, कधीच नाही. एकत्र उभं राहून शांतपणे बोलत राहायचं. मासा लागलेला असताना अस्वल आलं तर गाईड दोरा तोडायला सांगते, कारण माशाची फडफड ऐकूनच ते येतं. चांगला कोहो होता माझा. तोडला.

गाईडला शेवटी बक्षिसी द्यायची रीत आहे, पॅकेजच्या दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास. घरून निघतानाच बाजूला काढा. ठेवलेला सॅमन ते कापून, गोठवून खोक्यात भरून देतात. तो लेकीच्या फ्रीजरमध्ये गेला. एक तुकडा मात्र तिथल्या आचाऱ्यानं हिच्या काळ्या मसाल्यात परतला, दुसऱ्या दिवशी डबीच मागितली.

आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस रिकामा ठेवा. धुकं असलं की छोटं विमान उडत नाही. आम्ही ठेवला नव्हता. सकाळी आठचं विमान संध्याकाळी पाचला आलं, सिअ‍ॅटलचं चुकलं, जावयानं नवी तिकिटं काढली. ती रात्र अँकरेजच्या विमानतळावर काढली. सुटकेस जागच्या जागी मिळाली होती. तिघांनी बाकावर बसून चिवडा संपवला.